'मला मिसळीची हाव आहे' म्हटल्यावर सगळे का हसले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही इंदूरहून नोकरीसाठी नाशिकला आलात, सातपूरच्या कारखान्यात आहात आणि कामापुरतं मराठी जमू लागलंय. परवा कँटीनमध्ये तुम्ही म्हणालात, 'मला मिसळीची फार हाव आहे,' आणि टेबलभर हशा पिकला. शब्दकोशात तर हाव म्हणजे तीव्र इच्छाच दिलीय. मग चूक कुठे झाली? आणि रोज कानावर पडणारे तलफ, हुक्की, खुमखुमी, चटक, डोहाळे, वखवख हे शब्द कधी वापरायचे?

बाहेरगावाहून आलेल्या मोठ्या माणसांना मी बोलीतलं मराठी शिकवते. बँकेतले अधिकारी, कंपनीतले इंजिनीअर, दवाखान्यातले डॉक्टर असे सगळे वर्गात असतात आणि हा घोटाळा जवळजवळ प्रत्येकाचा होतो. शिकणारा हे शब्द चढत्या क्रमाने लावून ठेवतो: आधी इच्छा, वर तीव्र इच्छा, त्याच्यावर हाव. मराठी माणूस असं वजन करत बसत नाही. तो इच्छा कुणाची आहे आणि तिच्याविषयी बोलतंय कोण, एवढंच बघतो. तलफ माणूस स्वतःची सांगतो. हाव मात्र दुसऱ्याची असते. शेजाऱ्याची, पुढाऱ्याची, जमिनीचा बांध कोरणाऱ्या भावाची. स्वतःला हाव आहे असं गंभीर चेहऱ्याने सांगणारा माणूस म्हणजे स्वतःवरच आरोपपत्र दाखल करणारा. कँटीनमध्ये हसले ते त्यालाच.

मिसळीपुरतं बोलायचं तर साधी वाट आहे: 'मला मिसळ खावीशी वाटतेय.' यात एकच अडचण, ती म्हणजे क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता पदार्थाकडे बघतं. मिसळ खावीशी वाटते, वडा खावासा वाटतो, आईस्क्रीम खावंसं वाटतं, पेढे खावेसे वाटतात, भजी खावीशी वाटतात. हे घोकायला लागतं, दुसरा उपाय नाही. जोर द्यायचा असेल तर 'कधी एकदा मिसळ खातोय असं झालंय' म्हणा. रविवारी सकाळी मखमलाबाद किंवा गंगापूर रोडकडच्या मळ्यांतल्या मिसळीसाठी गाड्या काढणारी मंडळी हेच बोलत असतात. 'मिसळीवर माझा जीव आहे' हेही चालतं. पण 'जीव आहे' म्हणजे आत्ताची इच्छा नव्हे, कायमचं प्रेम.

आता तलफ. हिंदीत तुम्ही 'तलब' म्हणता, आम्ही 'तलफ'. तलफ कशाचीही येत नाही. जिची सवय अंगात मुरलीय तिचीच येते. चहाची येते, विडी-सिगारेटची येते, तंबाखूची येते, मिश्रीची येते. मिसळीची तलफ कुणी म्हणालाच तर तो गंमत करतोय आणि आपण मिसळीचे व्यसनी आहोत असं कौतुकाने सुचवतोय. तलफ ठरल्या वेळी येते. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणून तंबाखू खाणारा मशीनवर उभा असला तरी घड्याळ न बघता वेळ ओळखतो, आणि हात आपोआप चुन्याच्या डबीकडे जातो. तळहातावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची आणि ओठाखाली बार भरायचा. बार भरला की तलफ भागली. 'भागणे' हे क्रियापद तहानेलाही लागतं आणि तलफेलाही. तहान भागते तशी तलफ भागते. काही वेळाने दोन्ही परत येतात. यात निंदा फारशी नाही. साहेबसुद्धा मीटिंगमध्ये 'चहाची तलफ आलीय बुवा' म्हणू शकतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण 'पुडी' हा शब्द काही बंद झाला नाही. कुणी 'पुडी आहे का?' असं खालच्या आवाजात विचारलं, तर तो तलफेबद्दलच बोलतोय.

तलफ आणि चटक यांची गल्लत करू नका. तलफेमागे जुनी सवय असते, चटकेमागे एक चाखलेली चव पुरते. एकदा पत्त्यात दोनशे रुपये जिंकले आणि चटक लागली. चटक लागलेला तो चटावला. त्याच्याच घरातला 'सोकावणे' तुम्हाला निफाड-सिन्नरकडचे सहकारी शिकवतील. तिकडे उसात बिबट्यांचा वावर असतो. वस्तीवरच्या कोंबड्यांना चटावलेला बिबट्या म्हणजे 'सोकावलेला' बिबट्या. तो आता पुन्हा येणार, ही भीती त्या शब्दात असते. 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो' ही म्हण तुमच्या ऑफिसातही ऐकू येईल, कुणाची पहिली उशिरा हजेरी खपवून घेतली की.

हुक्की हा मला वैयक्तिक फार आवडणारा शब्द. तो निरुपद्रवी आहे आणि त्याला कारण लागत नाही. हुक्की येते आणि माणूस उठतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की अर्ध्या नाशिकला गोदाघाटावर जायची हुक्की येते. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, हे फोनवरही दिसतं. तरी भर पावसात गाडी काढायची, चिखलात उभं राहायचं, 'यंदा छातीपर्यंत जाणार बघ' असं अनोळखी माणसाला सांगायचं आणि भिजून घरी यायचं. बायको विचारते, 'काय हुक्की आली होती तुम्हाला?' हुक्कीबद्दल असंच विचारतात, म्हणजे उत्तराची अपेक्षा न ठेवता. लहर तिची बहीण, जरा नटलेली. हुक्की कुणालाही येते, लहर मात्र थोरामोठ्यांना आणि कलावंतांना जास्त शोभते.

हुक्कीत थोडी रग मिसळली की खुमखुमी होते. खुमखुमी म्हणजे अंगातली ताकद कुठेतरी खर्च करायची इच्छा. भांडणाची, कुस्तीची, निवडणूक लढवायची. आपल्याकडे रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात. जमिनीतले दगडी हौद ते, वर्षभर झाकलेले असतात. त्या दिवशी रंगाचं पाणी भरून पोरं वरून त्यात उड्या घेतात, त्याला 'धप्पा मारणे' म्हणतात. तिवंध्याच्या रहाडीभोवती कधी उभे राहा, खुमखुमी डोळ्यांनी दिसेल. अंगावर आधीच रंग असतो, मागून रेटा असतो, 'चल, हो बाजूला' चाललेलं असतं, आणि काठावरचा हडकुळा मुलगा तीनदा मागे सरून चौथ्यांदा उडी घेतो. वर आला की मित्र विचारतात, 'जिरली का खुमखुमी?' जिरणे लक्षात ठेवा. खुमखुमी भागत नाही, जिरते. आणि बहुधा दुसराच कुणीतरी ती जिरवतो.

खाज आणि कंड यांचंही तेच, तीही जिरतातच, पण हे दोन शब्द तुम्ही ओळखा, वापरू नका. 'तुला काय खाज होती मधे बोलायची?' हे बरोबरीच्या मित्रांत चालून जातं. वरिष्ठांसमोर, बायकांसमोर, घरमालकांकडे नाही. कंड त्याहून उघडा आहे. वर्गात कुणी हे शब्द विचारले तर मी सांगते, लपवत नाही. पण कुणावर वापरायचे हे कळायला त्या गावात काही वर्षं भांडावं लागतं.

हाव, हव्यास, वखवख, हपापलेला, आशाळभूत हे सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवणारे शब्द. प्रत्येकाचं बोट वेगळ्या जागी रोखलेलं असतं. हाव पोट भरल्यावरची असते. गरजेपुरतं मिळालेलं असतं तरी ती सुटते. वखवख उलट, उपाशी राहिल्याने येते. हॉस्टेलची मुलं घरी आल्यावर ताटावर तुटून पडतात ती वखवखलेली. आई तसं म्हणते आणि वर आणखी वाढते. हपापलेला माणूस खाण्याला कमी आणि पैशाला, मानाला, सत्तेला जास्त हपापलेला असतो. आशाळभूत नजरेचा शब्द आहे. दुसऱ्याच्या हातातल्या कुल्फीकडे बघणारं पोर आशाळभूत. त्याला कुणी रागावत नाही, जरा कीवच येते. हव्यास धरावा लागतो, म्हणजे त्यात वर्षानुवर्षांची चिकाटी आहे. २०२७च्या सिंहस्थाची चर्चा सुरू झाल्यापासून तपोवनाकडच्या जागांबद्दल बोलताना 'अमक्याचा त्या प्लॉटवर डोळा आहे' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. डोळा असणे म्हणजे हाव, फक्त अजून गप्प बसलेली.

भस्म्या हा शब्द मजेचा. 'भस्म्या झालाय का तुला?' असं पाचवी पोळी मागणाऱ्याला विचारतात. आयुर्वेदात भस्मक नावाचा विकार सांगितलाय. पोटातला अग्नी इतका भडकतो की खाल्लेलं लगेच जळून जातं आणि भूक शमतच नाही. घरातल्या आज्या हे निदान चेष्टेने आणि सढळ हाताने करतात.

आता डोहाळे, कारण तुमच्या सुपरवायझरने 'साहेबांना प्रमोशनचे डोहाळे लागलेत' म्हटल्यावर तुम्ही गोंधळलात असं लिहिलंय. मूळ शब्द गरोदर बाईच्या इच्छांचा. संस्कृतातल्या दोहद-दौहृद या शब्दांपासून तो आला. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलंय, एक तिचं आणि एक बाळाचं. म्हणून तिची इच्छा एकटीची नसते, ती मोडायची नाही, पुरवायची. डोहाळे पुरवतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात, झोपाळ्यावर किंवा होडीत बसवून फुलांची वाडी भरतात, झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उघडायला सांगून बर्फी निघाली की पेढा ते बघतात. चिंच, कैरी, आवळा हे नेहमीचे डोहाळे. पण माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. अशा ओढीचा संबंध अनेकदा रक्तातल्या लोहाच्या कमतरतेशी असतो, डॉक्टरांना सांगावं. हा शब्द पुरुषाला किंवा साहेबाला लावला की तो टोमणा होतो: इच्छा अवेळी आहे आणि ती पुरवायला इतरांनी धावावं अशी त्याची अपेक्षा आहे. 'भिकेचे डोहाळे' तर पार बुडवणाऱ्या इच्छेला म्हणतात, उदाहरणार्थ कर्ज काढून केलेलं दिखाऊ लग्न. आणि पद मिळायच्या आधीच हार घालायला मान पुढे करणाऱ्यासाठी वेगळा शब्दप्रयोग आहे, गुडघ्याला बाशिंग बांधणे. प्रमोशनवाल्या साहेबांना तो जास्त शोभला असता.

हिंदी बोलणाऱ्यांनी दोन शब्दांशी खास सावध राहावं. पहिला हौस. तो अरबी 'हवस'चाच मराठी अवतार, पण इथे येऊन अगदी घरगुती झालाय. घरमालकीणबाई म्हणाल्या, 'मला पाहुण्यांची भारी हौस' तर दचकू नका. त्यांना माणसांना जेवू घालायला आवडतं, एवढंच. हौस फिटते, भागते, पुरवतात आणि 'हौसेला मोल नाही' म्हणून तिच्यावरचा खर्च माफ असतो. तीच हौस जरा नको तितकी झाली की सोस म्हणतात, 'काय हा साड्यांचा सोस!' सोसात नापसंती आहे, पण आपुलकीच्या माणसाची. दुसरा शब्द वासना. त्याचा तुम्हाला माहीत असलेला अर्थ मराठीतही आहेच. पण आजारी माणसाबद्दल 'अन्नावरची वासना उडालीय' म्हणतात तेव्हा फक्त भूक मेलीय, तोंडाला चव नाही, इतकाच अर्थ. माझ्या वर्गात आलेल्या डॉक्टरांना हे पहिल्या आठवड्यात सांगावं लागतं, नाहीतर खेड्यातून आलेली सून सासऱ्यांबद्दल हे सांगते आणि डॉक्टर भलतीच पानं उलटतात. म्हातारपणी भलतीकडे मन गेल्याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, म्हातारचळ.

नाशिकमध्ये इच्छेचं सगळ्यात गंभीर रूप रामकुंडावर दिसतं. दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा लगेच शिवला तर सगळे हुश्श करतात. नाही शिवला तर कुजबुज सुरू होते: 'काहीतरी इच्छा राहिली असेल', 'जीव कशात तरी अडकलाय'. मग थोरला मुलगा हात जोडून मोठ्याने सांगतो की धाकट्याचं लग्न मी करीन, आईला अंतर देणार नाही, तुम्ही काळजी करू नका. कुणी पुढे होऊन त्यांच्या आवडीचं काही ठेवतं, चहाचा कप, जिलेबी, क्वचित विडीसुद्धा. तरीही नाही आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. तिथे हाव, तलफ, हौस असले शब्द कुणी उच्चारत नाही. गेलेल्या माणसाने आयुष्यभर विडीची तलफ सांगितलेली असते, पण त्या काठावर तिचीही 'इच्छा'च होते. तुम्ही कोशातला सर्वात साधा, सर्वात फिका म्हणून बाजूला ठेवलेला तो शब्द इथे सगळ्यात जड आहे. सहकाऱ्याच्या घरी असा प्रसंग असेल आणि तुम्हाला जावं लागलं, तर 'काकांची काही इच्छा राहिली होती का?' एवढंच विचारा.

याच्या जवळपासचे पण देवाकडे जाणारे शब्द म्हणजे आस, ओढ, ध्यास, असोशी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला दिंड्या चालत येतात, त्यांना ओढ असते. त्यांना खुमखुमी आहे असं म्हणालात तर मार खाल.

क्रियापदांचं वर तुकड्यातुकड्याने आलंच आहे, पण एक खोच सांगायची राहिली. इच्छा मराठीत माणूस 'करतो' असं फार कमी वेळा म्हणतात. ती माणसाला होते, लागते, येते किंवा सुटते. लागते ती चिकटून राहते: भूक, तहान, चटक, नाद, वेड, ध्यास. येते ती येऊन जाते: तलफ, हुक्की, लहर, उबळ. आणि सुटणे दोन तोंडांचं आहे. हाव सुटली, खाज सुटली, तोंडाला पाणी सुटलं, म्हणजे सुरू झालं. व्यसन सुटलं, नाद सुटला, तंबाखू सुटली, म्हणजे संपलं. माझे विद्यार्थी यावर वैतागतात आणि त्यांचा वैताग रास्त आहे. ओळखायची खूण अशी की पहिल्या गटात आत दाबलेलं काहीतरी बाहेर उसळतं, दुसऱ्यात धरून ठेवणारी पकड ढिली होते. संपण्याचंही बघा: तलफ भागते, हौस फिटते, डोहाळे पुरवतात, खुमखुमी जिरते. हावेला मात्र असं संपवणारं क्रियापद भाषेने दिलेलंच नाही. ती फार तर आवरता येते.

नाद या शब्दावर स्वतंत्र तास घ्यावा लागेल. नाद लागणे म्हणजे वेड लागणे, आणि ते कबुतरांचंही असू शकतं, शेअर बाजाराचंही. नादी लागणे म्हणजे कुणाच्या तरी मागे वाहवत जाणे. नादाला लागू नको ही धमकी आहे. टी-शर्टवरचं 'नाद करायचा नाय' त्याच धमकीच्या कुळातलं. 'नाद खुळा' कोल्हापूरकडचं कौतुक. नाशिकची पोरंही आता बिनदिक्कत वापरतात.

कॉलेज रोडवरची मुलं यातलं निम्मं बोलत नाहीत हे तुमच्या लक्षात आलंच असेल. 'क्रेव्हिंग होतंय', 'मूड झालाय', 'मन करतंय' यावर त्यांचं भागतं. 'मन करतंय' तुमच्या हिंदीतूनच आलेलं आहे, तुम्हाला ते आपसूक येईल आणि कुणी हसणारही नाही. काही ज्येष्ठ नाक मुरडतात. मी मुरडत नाही, मात्र 'मन होतंय' जास्त कानाला बरं वाटतं हे सांगून ठेवते. क्रेव्हिंगचं म्हणाल तर त्या शब्दात स्वतःचीच चेष्टा करायची सोय नाही. तलफेत ती आहे, म्हणून चाळिशीपुढची माणसं तलफ सोडत नाहीत.

शेवटचं एक, कारण ही चूक महागात पडते. लाळ गळणे, लाळ टपकणे म्हणजे खाण्याचा मोह. लाळ घोटणे म्हणजे वरिष्ठांची हांजी हांजी करणे. 'बिर्याणी बघून मी लाळ घोटत होतो' असं म्हणालात तर लोक हसून सोडून देतील. पण साहेबांसमोर त्यांच्याच टेबलावरच्या माणसाला, खाण्याच्या संदर्भात का होईना, लाळघोट्या म्हणालात तर खुलासा करायला कँटीनची वेळ पुरणार नाही.